शाळेत वाटलेला कागद

इ. स. १९६५ च्या डिसेंबर महिन्यातील ही घटना आहे. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील डी मॉइन शहरात काही मुलांनी दंडावर काळी फीत बांधून शाळेत जाण्याचे ठरविले. व्हिएतनामच्या युद्धात मृत्यू पावलेल्यांसाठी शोक करावा आणि नाताळात शस्त्रसंधी व्हावी अशी मागणी करावी, एवढाच त्यांचा हेतू होता. शहरातील मुख्याध्यापकांनी आधीच सभा घेऊन फितीवर बंदी घातली. ती मोडणाऱ्या मुलांना घरी पाठविण्यात आले. त्यांतील दोन भावंडे, जॉन आणि मेरी बेथ टिंकर, एका मेथडिस्ट धर्मोपदेशकाची मुले. मेरी बेथ तेव्हा तेरा वर्षांची होती.

हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २४ फेब्रुवारी १९६९ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी मुलांच्या बाजूने निकाल लागला. शाळेच्या दारात पाऊल टाकताच विद्यार्थ्याचे अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य संपत नाही; शाळेच्या कामात मोठा व्यत्यय येईल किंवा इतरांच्या हक्कांना बाधा पोहोचेल असे दिसले तरच ते रोखता येईल, असे न्यायमूर्ती एब फोर्टास यांनी लिहिले. याच निकालपत्रातील एका वाक्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. मुख्याध्यापकांची ती सभा भरण्याचे कारण असे होते की, एका विद्यार्थ्याने व्हिएतनामवर लेख लिहून शाळेच्या वृत्तपत्रात छापण्याची इच्छा आपल्या शिक्षकापाशी व्यक्त केली होती. त्याची समजूत घालून त्याला परावृत्त करण्यात आले. म्हणजे फितीच्या आधीही एक न छापलेला कागद होताच!

पुढील काही वर्षांत अमेरिकेतील कितीतरी शाळांत मुलांनी स्वतःची पत्रे काढली. ती बहुधा सायक्लोस्टाइल केलेली, दोन-चार पानांची आणि अर्थातच पुष्कळदा उर्मट असत. शाळांनी नियम केला की आधी दाखवा, परवानगी घ्या, मग वाटा. नियम वरकरणी निरुपद्रवी वाटतो. आम्हांलाही तो पुष्कळ वर्षे तसाच वाटत होता.

या नियमाची खरी चिकित्सा कनेक्टिकट राज्यातील स्टॅमफर्ड शहराच्या खटल्यात झाली. १९७१ साली अपील न्यायालयाने सांगितले की शाळेने मजकूर आधी पाहण्यास हरकत नाही. पण हा नियम टिकणार नाही. का? कागद कोणाकडे द्यायचा हे त्यात नव्हते. उत्तर किती दिवसांत मिळेल हे नव्हते. नकार आल्यास दाद कोठे मागायची हेही नव्हते. शिवाय ‘वाटणे’ म्हणजे काय, याचीही व्याख्या नव्हती. एका मुलाने दुसऱ्याच्या हाती चिठ्ठी किंवा एखादे साप्ताहिक दिले तरी नियम मोडला असे म्हणता आले असते. म्हणजे न्यायाधीशांनी मुलांच्या लिखाणाआधी अधिकाऱ्याच्या टेबलाची झडती घेतली.

येथे आम्हांला आमची एक गोष्ट सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका शाळेचे व्यवस्थापन आमच्याकडे होते. नववीच्या चार मुलांनी हाताने लिहून, झेरॉक्स काढून एक दोनपानी अंक तयार केला. त्यात कविता होती, क्रिकेटवर लेख होता आणि प्रयोगशाळेला वर्षभर कुलूप का असते, असा एक प्रश्न होता. मुले अंक वाटण्याआधी रीतसर आमच्याकडे आली. ‘फादर, वाचून सांगा,’ म्हणाली. आम्ही अंक घेतला, ‘पाहतो’ म्हटले आणि खणात ठेवला. आम्ही नाही म्हटले नाही. मुलांनी दोनदा विचारले, मग विचारणे सोडले. बदलीच्या वेळी खण रिकामा करताना तो अंक हाती आला, तेव्हा ती मुले दहावी होऊन गेली होती. प्रयोगशाळेचे कुलूप मात्र होते तेथेच होते.

स्टॅमफर्डचा निकाल आम्ही त्यानंतर वाचला. मुदत नसलेली परवानगी म्हणजे काय, हे आम्हांला कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नव्हती.

शिकागोच्या खटल्यात १९७२ साली दुसरे एक अपील न्यायालय आणखी पुढे गेले. तेथील मुलांनी ‘द कॉस्मिक फ्रॉग’ नावाच्या पत्राच्या सुमारे ३५० प्रती वाटल्या होत्या. कोठे वाटावे, केव्हा वाटावे, याचे नियम शाळेने जरूर करावेत, गैर मजकुराबद्दल नंतर शिक्षाही करावी. परंतु आगाऊ मंजुरीची अट मुळीच चालणार नाही, असे त्या न्यायालयाचे म्हणणे पडले. सर्वच न्यायालयांनी ते मानले असे नाही.

मग १९८८ साली हेझलवूडचा निकाल आला. मिसुरी राज्यातील एका शाळेत पत्रकारितेच्या वर्गातर्फे ‘स्पेक्ट्रम’ हे पत्र निघे. १९८३ च्या मे महिन्यात मुख्याध्यापकांनी त्याची दोन पूर्ण पाने काढून टाकली. कारण एका लेखात शाळेतील गरोदर मुलींचे अनुभव होते आणि दुसऱ्यात आईवडिलांच्या घटस्फोटाविषयी मुलांचे बोल होते. नावे बदललेली असली तरी त्या मुली ओळखू येतील, अशी त्यांना भीती होती. या भीतीला आम्ही हसणार नाही. धर्मग्रामात राहणाऱ्याला ठाऊक असते की नाव न घेता केलेल्या उल्लेखावरूनही संध्याकाळपर्यंत घर ओळखले जाते. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी मुख्याध्यापकांना उचलून धरले. मात्र त्या दोन पानांबरोबर ज्यांविषयी कोणाचीच तक्रार नव्हती असे लेखही गेले, हेही नोंदविले पाहिजे.

या निकालाने एक रेघ ओढली गेली. शाळेच्या पैशाने, शाळेच्या नावाने निघणारे पत्र वेगळे आणि मुलांनी आपल्या खिशातून काढलेले पत्र वेगळे. त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्यातील रेंटनच्या मुलांचा निकाल लागला. त्यांनी शाळेच्या मेजवानीत ‘बॅड अ‍ॅस्ट्रा’ नावाचे चार पानी पत्र वाटले होते. हेझलवूडचा न्याय या पत्राला लावता येणार नाही, असे अपील न्यायालयाने ठरविले. १९९३ साली इलिनॉय राज्यात वॉकोंडा येथील खटल्यात धार्मिक पत्रकांचा प्रश्न आला. वेळेचे आणि जागेचे बंधन घाला. पण मजकूर धार्मिक आहे एवढ्याच कारणाने बंदी घालू नका, असे तेथे सांगण्यात आले. शुभवर्तमानाचे पत्रक ज्या नियमाने वाचले, त्याच नियमाने ‘बॅड अ‍ॅस्ट्रा’ही वाचले होते.

वाचकांपैकी कोणी म्हणेल, हे सारे सरकारी शाळांचे झाले. अगदी खरे. अमेरिकेची राज्यघटना तेथील सरकारला बांधते. कॅथलिक शाळा खासगी असल्याने त्यांच्यावर टिंकरचे बंधन नाही. कॅलिफोर्नियाने १९७७ च्या सुमारास सरकारी शाळांतील मुलांचा पत्रके वाटण्याचा हक्क कायद्यात घातला आणि १९९२ मध्ये अभिव्यक्तीचे संरक्षण खासगी माध्यमिक शाळांनाही लागू केले. परंतु धर्मसंस्थेच्या शाळेला, जेथे तिच्या धर्मतत्त्वांशी विरोध येईल तेथे, सूट ठेवली. आपल्याकडे घटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे, आणि तो आपण प्राणपणाने जपतो.

पण ही सूट घेताना प्रयोगशाळेच्या कुलपाविषयीचा प्रश्न कोणत्या धर्मतत्त्वाच्या आड येतो, हे आम्हांला सांगता येणार नाही. स्टॅमफर्डचा निकाल लागला त्याच १९७१ साली, पोप पौल सहावे यांच्या काळात, रोमहून ‘कोम्युनिओ एत प्रोग्रेस्सिओ’ ही सूचना निघाली. ख्रिस्तसभेच्या देहालाही लोकमताची गरज आहे, असे तिच्यात मांडले आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील २१२ वा नियम तर श्रद्धावंतांना आपले मत धर्मपालांपुढे आणि एकमेकांपुढे मांडण्याचा हक्क देतो. श्रद्धा, आदर, सार्वजनिक हित आणि व्यक्तीची प्रतिष्ठा सांभाळून. त्या नियमात वयाची अट नाही. सेमिनरीत हा नियम आम्ही परीक्षेसाठी पाठ केला होता आणि त्या प्रश्नाला गुणही बरे मिळाले होते.