रेंज जाते, जीपीएस जात नाही: तंबू घेऊन डोंगरात निघण्याआधी फोनची तयारी

शुक्रवारी रात्री दादरला कसारा लोकल पकडणाऱ्यांमध्ये सॅक, मॅट आणि तंबूच्या पिशव्या घेतलेली मंडळी हमखास दिसतात. कोणी कळसूबाईला निघालेलं असतं, कोणी रतनगडला, कोणी हरिश्चंद्रगडावर रात्र काढायला. यातल्या बऱ्याच जणांचा वाटाड्या म्हणजे खिशातला फोन. आणि बऱ्याच जणांचा समज असा की रेंज गेली की नकाशाही गेला. हा समज चुकीचा आहे. पण फोन रेंजशिवाय वाट दाखवेल की नाही हे निघण्याआधी घरीच ठरलेलं असतं, गडावर नाही.

फोनला स्वतःची जागा कशी कळते

जीपीएसचे साधारण ३० उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसाला पृथ्वीभोवती दोन फेऱ्या मारतात. प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असतं आणि तो सतत एकच गोष्ट सांगत असतो: मी अमुक ठिकाणी आहे आणि आत्ता इतके वाजले आहेत. फोन ते फक्त ऐकतो, उलट काहीच पाठवत नाही. रेडिओसारखंच. आकाशवाणी ऐकायला सिमकार्ड लागत नाही, तसंच जीपीएसलाही लागत नाही. तुम्ही कुठे आहात हे उपग्रहाला कधीच कळत नसतं, हेही लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

सिग्नल प्रकाशाच्या वेगाने येतो, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. निघाल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ यातल्या फरकावरून फोन अंतर काढतो. मात्र इथे एका सेकंदाचा दहा लाखावा भाग जरी चुकला, तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. फोनमधलं घड्याळ तर अगदीच साधं असतं. म्हणून तीन उपग्रहांवर काम भागत नाही, चौथा लागतो. अक्षांश, रेखांश, उंची आणि फोनच्या घड्याळाची चूक अशी चार अज्ञातं आणि चार समीकरणं. दहावीचं बीजगणित इथे कामाला येतं.

आजचे फोन एकट्या अमेरिकन जीपीएसवर चालत नाहीत. रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बायडू यांचे सिग्नलही ते ऐकतात आणि काही फोन आपल्या इस्रोचं नाविकही. उघड्या आकाशाखाली साध्या फोनची अचूकता पाचेक मीटरपर्यंत जाते. पायवाट शोधायला तेवढी पुरते.

मग सुरुवातीला निळा टिपका येत का नाही?

उपग्रह आपल्या कक्षेची माहितीही पाठवतो, पण सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने. एका उपग्रहाची गरजेपुरती माहिती पूर्ण मिळायला चांगल्या सिग्नलमध्येही सुमारे ३० सेकंद लागतात. मध्ये सिग्नल तुटला तर पुन्हा थांबा. शहरात हे जाणवत नाही, कारण फोन तीच माहिती इंटरनेटवरून क्षणात उतरवून घेतो. डोंगरात ती सोय नसते. त्यामुळे फोन काही मिनिटं घुटमळतो आणि लोक म्हणतात, जीपीएस बंद पडलं.

यावर उपाय सोपा. राजूरसारख्या शेवटच्या मोठ्या गावात, रेंज असतानाच नकाशाचं ॲप उघडून टिपका स्थिर होऊ द्या. पुढचे काही तास ती माहिती फोनकडे राहते. आणि डोंगरात उशीर लागलाच, तर फोन खिशात न ठेवता आकाशाकडे तोंड करून उघड्यावर धरा, चालू नका, वाट बघा.

कुठे फसतं

परळ-लालबागला टॉवरच्या पायथ्याशी कॅब बोलावताना तुमचा टिपका शेजारच्या गल्लीत गेलेला पाहिला असेल. सिग्नल सरळ न येता काचेच्या भिंतीवर आपटून येतो, त्याला जास्त वेळ लागतो आणि फोनला वाटतं की अंतर जास्त आहे. सह्याद्रीत टॉवरची जागा कातळ घेतो. साम्रदजवळच्या सांदण दरीत दोन उंच कड्यांमधून आकाशाची जेमतेम पट्टी दिसते, तिथे टिपका इकडेतिकडे उड्या मारणारच. दाट, ओल्या झाडीतही सिग्नल क्षीण होतो. धुक्याने मात्र काही फरक पडत नाही. डोळ्यांना दहा फुटांवरचं दिसत नसताना फोनला उपग्रह व्यवस्थित ऐकू येतात, आणि पावसाळ्यात फोनचा खरा उपयोग हाच.

उंचीच्या आकड्यावर फार विसंबू नका. उपग्रह जी उंची मोजतात ती समुद्रसपाटीपासून नव्हे, तर पृथ्वीच्या एका कल्पित गुळगुळीत आकारापासून. मुंबईजवळ त्या आकाराच्या तुलनेत समुद्राची पातळी साठेक मीटर खाली आहे. त्यामुळे काही ॲप गिरगाव चौपाटीच्या वाळूत उभं असताना उंची उणे ६० दाखवतात, आणि १,६४६ मीटरचं कळसूबाई शिखर तेवढंच बुटकं होतं. फोन बिघडलेला नाही, ॲपने ती दुरुस्ती केलेली नाही इतकंच.

नकाशा आधी उतरवा, आणि योग्य उतरवा

जीपीएस फक्त दोन आकडे देतं. त्याखालचं चित्र इंटरनेटवरून येतं आणि रेंज गेल्यावर करड्या चौकटी दिसतात त्या याच्यामुळे. गूगल मॅप्समध्ये हवा तो भाग ऑफलाइन साठवता येतो, पण त्यावर रेंजशिवाय गाडीचा रस्ता मिळतो, पायी चालण्याचा मिळत नाही. शिवाय गडावरच्या बहुतेक पायवाटा त्यात नसतातच. कसाऱ्याहून पायथ्याच्या गावापर्यंत ते ठीक, पुढे नाही.

पुढे ओपनस्ट्रीटमॅप. २००४ साली सुरू झालेला हा नकाशा जगभरातले स्वयंसेवक बनवतात. सह्याद्रीच्या वाटा, पाण्याची टाकी, गुहा त्यात चालणाऱ्यांनीच भरलेल्या आहेत. ऑरगॅनिक मॅप्स आणि ऑसमँड ही दोन ॲप हा नकाशा पूर्ण ऑफलाइन दाखवतात. मला ट्रेकसाठी ऑसमँड आवडतं, कारण त्यात समोच्च रेषा नीट बघता येतात. पण ते अंगवळणी पडायला वेळ लागतो. पहिल्यांदाच जात असाल तर ऑरगॅनिक मॅप्स घ्या.

आधी गेलेल्या कोणाची जीपीएक्स फाइल मिळाली तर उत्तम. त्यात काही जादू नाही, ठरावीक अंतराने नोंदवलेल्या अक्षांश-रेखांशांची आणि वेळेची ती यादी असते. ॲप ते बिंदू सरळ रेषेने जोडतं. गोची इथेच आहे. दोन बिंदूंमध्ये नोंद तुटली असेल तर रेषा दरीवरूनही जाते. रेषा दिसते म्हणजे वाट आहे असं नाही.

हरिश्चंद्रगडाचाच विचार करा. कोकणकड्यावर उभं राहिलं की खालचं बेलपाडा नकाशावर अगदी जवळ दिसतं. मध्ये सरळ तुटलेला कडा आहे आणि त्या बाजूची नळीची वाट ही दोराची सवय असलेल्यांचीच. नव्या माणसाने पाचनईच्या वाटेने यावं आणि त्याच वाटेने उतरावं. समोच्च रेषा यासाठीच बघायच्या: विरळ असतील तर सौम्य चढ, दाट असतील तर खडा, एकमेकींना चिकटल्या असतील तर कडा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशेही पीडीएफमध्ये मोफत मिळतात, तेही एकदा चाळून बघा.

निघण्याआधी चाचणी शिवाजी पार्कात घ्या. फोन फ्लाइट मोडवर टाका, लोकेशन चालू ठेवा, ट्रॅक नोंदवायला लावा आणि कट्ट्याच्या कडेने एक फेरी मारा. रेघ कट्ट्यावर उमटली तर तयारी झाली. कोरी पाटी दिसली तर नकाशा उतरलेलाच नाही, आणि हे कळायला दादर ही पाचनईपेक्षा बरी जागा आहे.

बॅटरी

रेंज नसलेला फोन टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी त्यातच संपते. म्हणून फ्लाइट मोड. आजच्या फोनवर त्यातही जीपीएस चालतं. स्क्रीन वाट फुटेल तिथेच उघडा. हिवाळ्यात गडावर रात्री थंडीने बॅटरी मंदावते, फोन आणि पॉवर बँक स्लीपिंग बॅगच्या आत घेऊन झोपा. पॉवर बँकेवरच्या १०,००० एमएएचचा अर्थ ५,००० एमएएचचा फोन दोनदा भरेल असा नाही. व्होल्टेज बदलताना ऊर्जा वाया जाते, हाती साधारण दीड चार्ज येतो.

वाट चुकलीच तर

मे २०२२मध्ये लोणावळ्याजवळ नागफणीच्या जंगलात एकटा गेलेला तरुण वाट चुकला. चुकल्याचं त्याने घरच्यांना फोनवर कळवलंही. मग फोन बंद झाला. पथकं शोधत राहिली, चार दिवसांनी मृतदेह सापडला. ‘मी हरवलोय’ हे कळून शोध सुरू होतो, पण माणूस सापडायला नेमकी जागा लागते. आणि वर म्हटलं तसं, तुमची जागा फक्त तुमच्या फोनला माहीत असते. ती बाहेर पाठवायला एखादी क्षणभराची रेंज पुरते.

त्यामुळे थांबा, ॲपमध्ये टिपक्यावर बोट दाबून धरा आणि ते दोन आकडे एसएमएसने पाठवा. व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन नको, त्याला डेटा लागतो. एसएमएस अर्ध्या काडीवरही जातो. ११२ लावताना आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून कॉल जाऊ शकतो, तेव्हा फोन फ्लाइट मोडमधून बाहेर काढून उंचवट्यावरून लावून बघा. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर ही स्वयंसेवी बचाव पथकांना जोडणारी संस्था आहे. तिचा हेल्पलाइन क्रमांक घरूनच सेव्ह करून निघा.

आकडे सांगताना एक सापळा आहे. हरिश्चंद्रगड साधारण १९ अंश २३ मिनिटांवर आहे. कोणी ते ‘१९ पॉइंट २३’ असं सांगितलं तर? अंशाची मिनिटं ६० असतात, त्यामुळे २३ मिनिटं म्हणजे ०.३८ अंश. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. एवढ्या एका गफलतीने पथक १७ किलोमीटर दक्षिणेला पोचेल. म्हणून ॲपच्या सेटिंगमध्ये दशांश पद्धत ठेवा आणि दशांशानंतरचे किमान चार अंक सांगा. चौथा अंक म्हणजे ११ मीटर. शहरात घराचा पत्ता सांगतो तसा हा डोंगरातला पत्ता.

अमेरिकन व्हिडिओ बघून निघणार असाल तर

तिकडे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे सुमारे २४.५ कोटी एकर सार्वजनिक जमीन आहे, त्यातली बरीच वाळवंटी. बहुतेक ठिकाणी १४ दिवसांपर्यंत फुकट मुक्काम करता येतो, म्हणून ॲरिझोनाच्या क्वार्ट्झसाइटला हिवाळ्यात कॅम्पर गाड्यांची जत्रा भरते. आपल्याकडे महाराष्ट्र सरकारने २०२१मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण मोकळी जमीन दिसली की गाडी लावून राहा, असा त्याचा अर्थ नाही. कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड १९८६पासून अभयारण्यात आहेत. तंबू कुठे लावायचा हे वनखात्याच्या नाक्यावर विचारा. अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, शेकोटीचे रील कितीही छान दिसोत.

त्या व्हिडिओंमध्ये कमरेला लटकवलेलं गार्मिनचं इनरीच दिसतं. ते उपग्रहाशी दोन्ही बाजूंनी बोलतं, म्हणून फोनच्या जीपीएसहून वेगळं. भारतात परवानगीशिवाय असं उपकरण बाळगणं बेकायदेशीर आहे. डिसेंबर २०२४मध्ये गोव्याच्या विमानतळावर त्यावरून एका परदेशी प्रवाशावर कारवाई झाली होती. आयफोन १४पासून आलेली उपग्रहावरून मदत मागण्याची सोयही हे लिहीपर्यंत भारतात सुरू नाही. परदेशातला नातेवाईक इनरीच भेट आणणार असेल, तर त्याला पॉवर बँक आणायला सांगा.