ॲडव्हान्स स्प्रिंग (डिस्ट्रिब्युटर)

ॲडव्हान्स स्प्रिंग ही जुन्या पेट्रोल मोटारींच्या डिस्ट्रिब्युटरमधील केंद्रोत्सारी यंत्रणेचा एक लहान भाग होय. इंजिनाची गती वाढताना ठिणगी किती झपाट्याने अलीकडे सरकावी, हे तिच्या ताठरपणावर अवलंबून असते. सामान्यतः एका डिस्ट्रिब्युटरमध्ये अशा दोन स्प्रिंगा असतात.

पार्श्वभूमी

इंधन आणि हवेचे मिश्रण ठिणगी पडताच क्षणात जळून जात नाही. दट्ट्या सर्वोच्च बिंदू ओलांडून थोडा खाली आल्यावर सिलिंडरमधील दाब कमाल असावा, यासाठी ठिणगी त्या बिंदूपूर्वीच पडावी लागते. मिनिटाला १,००० फेऱ्या असताना क्रँकशाफ्ट एका मिलिसेकंदात ६ अंश फिरतो. ३,००० फेऱ्यांना तो १८ अंश फिरतो. त्यामुळे गतीबरोबर ठिणगीही अलीकडे आणावी लागते. फोर्ड मॉडेल टी (१९०८–१९२७) या मोटारीत चालक हे काम सुकाणूजवळील तरफेने स्वतः करीत असे. पुढे ते डिस्ट्रिब्युटरमधील यंत्रणेकडे आले.

रचना व कार्य

डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावर दोन वजने बसविलेली असतात. गती वाढली की ती बाहेर फेकली जातात आणि कॅमला फिरण्याच्या दिशेने पुढे ढकलतात. स्प्रिंगा त्यांना आत ओढून धरतात. अनेक रचनांत एक स्प्रिंग हलकी असून ती आरंभापासून ताणलेली असते. दुसरी जाड असून तिचे टोक लांबट असते, म्हणून ती ठरावीक गतीनंतरच काम करू लागते. यामुळे आगाऊपणा प्रथम झपाट्याने व नंतर सावकाश वाढतो. उच्च गतीला मिश्रणातील खळबळ वाढून ज्वलनही वेगवान होत असल्याने ही दुहेरी चढण इंजिनाच्या गरजेशी जुळते.

स्प्रिंगांची निवड

स्प्रिंग आगाऊपणा वाढण्याचा वेग ठरवते. त्याची कमाल मर्यादा मात्र अडणी ठरवते. हा भेद निवडीत सर्वांत महत्त्वाचा आहे. चार-स्ट्रोक इंजिनात डिस्ट्रिब्युटर क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरतो, त्यामुळे त्याचे अंश दुप्पट करावे लागतात. उदाहरणार्थ, स्थिर मांडणी १० अंश आणि अडणी ११ अंशांची असल्यास एकूण आगाऊपणा १० + २२ = ३२ अंश होतो. एकूण आकडा चुकत असेल, तर केवळ स्प्रिंग बदलून तो सुधारत नाही.

मोजणी करताना व्हॅक्यूम नळी काढून तिचे तोंड बंद करतात आणि टायमिंग लाइटच्या साहाय्याने निरनिराळ्या गतींना अंश नोंदवतात. हा आलेख निर्मात्याच्या तक्त्याशी ताडून मगच स्प्रिंगा बदलतात. त्यापूर्वी वजनांच्या खुंट्यांची झीज, गंज व वाळलेले वंगण तपासणे आवश्यक असते, कारण अडकलेली वजने ताठर स्प्रिंगेसारखाच परिणाम दाखवतात.

चुकीच्या निवडीचे परिणाम

स्प्रिंग अति हलकी असल्यास मंद गतीतच आगाऊपणा सुरू होतो. त्यामुळे इंजिन स्थिर चालत नाही आणि मूळ मांडणीचे मोजमापही फसवे ठरते. चढावर भार येताच इंजिन ठोके देऊ लागते. हे ठोके चालू राहिल्यास दट्ट्या व गॅस्केट निकामी होऊ शकतात. स्प्रिंग अति ताठर असल्यास ठिणगी उशिरा पडते, शक्ती घटते, इंधन अधिक लागते आणि निकास झडपा तापतात. ठोके कानांना ऐकू येतात, उशीर मात्र सहज लक्षात येत नाही; म्हणून दोन्ही बाबतींत मोजणीवर भर दिला जातो.