आधी ताट, मग पाटी

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "तू खर्ड्याचा ना? मग खर्ड्याच्या लढाईवर भाग कधी?" करू, नक्की करू. ११ मार्च १७९५, मराठे आणि निजाम, निजामाने किल्ल्यात घेतलेला आश्रय, सगळं सांगणार आहे. खर्ड्यात वाढलेल्या प्रत्येक पोराला ही गोष्ट तोंडपाठ असते. पाहुणा आला की आधी किल्ला दाखवायचा आणि मग चहा पाजायचा.

पण आज वेगळा विषय घेतलाय, कारण गेल्या महिन्यात घरी एक वाद झाला.

माझी मावसबहीण बारावी पास झाली. तिला बीए करायचंय, इतिहास घेऊन. नगरच्या एका कॉलेजात प्रवेशही मिळाला. खर्ड्यापासून जामखेड वीस-पंचवीस किलोमीटर आणि नगर जवळपास शंभर. म्हणजे रोज जाऊन येणं शक्य नाही. मावशी एकच वाक्य बोलली, "खोली भेटली तर जाईल पोरगी, नाहीतर नाही." फी भरायला काका तयार होते, मार्कही चांगले होते. सगळं अडलं होतं एका कॉटवर.

मला पहिल्यांदा रागच आला. मी सॉफ्टवेअरवाला. मला वाटलं, शिक्षण म्हणजे लेक्चर, पुस्तकं, परीक्षा, बाकी सगळं ॲडजस्ट होतं. मग माझ्या बारावीच्या वर्गातला एक मित्र आठवला. त्याचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. गावात म्हातारी आजी आणि तो. त्यानेही बीएला नाव घातलं होतं. एसटीने ये-जा करायचा. शेवटची गाडी चुकली की रात्र स्टँडवर. पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सहामाहीत त्याने कॉलेज सोडलं. आम्ही सगळे म्हणालो, "त्याचं मन नव्हतं अभ्यासात." मी तेव्हा बीटेकच्या हॉस्टेलवर होतो. तीन वेळचं जेवण, रात्री दोनपर्यंत लाइट. माझं मन अभ्यासात होतं, यात कॉटचा वाटा किती आणि माझा किती, हे मी कधी मोजलंच नाही.

म्हणून आजचा भाग कॉलेजच्या इतिहासाचा आहे. प्राचार्य, पदव्या, इमारतीच्या कोनशिला यांच्यावर जास्त थांबणार नाही. विद्यार्थी झोपायचा कुठे आणि जेवायचा काय, यावर थांबणार आहे.

वार लावून जेवणं

जुन्या आत्मचरित्रांत एक शब्द हमखास भेटतो: वार लावून जेवणं. गरीब मुलगा शिकायला पुण्यासारख्या गावात यायचा. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार सात घरी लावायचे. नाहीतर माधुकरी मागायची. यात अपमान होता, उपासमार होती, एखादा वार रिकामाही जायचा. हाल सोसून शिकलेल्या त्या पिढीबद्दल मला आदरच आहे.

पण म्हणजे बघा, ही सोय कुणाला होती? ज्याच्या जातीची घरं शहरात होती आणि ज्याला त्या घरात पानावर बसता येत होतं, त्याला. कुणब्याच्या, धनगराच्या, महाराच्या पोराने पेठेत कुणाचं दार वाजवायचं? शाळा कागदावर सगळ्यांना खुली होती. जेवणाचं दार मात्र बंद होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोग्राम फुकट डाउनलोड करायला ठेवलाय, पण तो ज्याच्यावर चालतो ती डिपेंडन्सी ठरावीक लोकांच्याच मशीनवर आहे.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी ही अडचण नेमकी ओळखली. राजाराम कॉलेज होतं, तरी खेड्यातली पोरं तिथे पोचत नव्हती. आधी सगळ्यांसाठी एकच वसतिगृह करून पाहिलं, पण त्यात पुढारलेल्या जातीचीच मुलं उरली. मग १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं. त्याच वर्षी जैनांचं, पुढे मुस्लिम, लिंगायत, दैवज्ञ, शिंपी अशी एकेका समाजाची बोर्डिंगं झाली. १९०८ साली तेव्हा अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झालं. कोल्हापूरला 'वसतिगृहांची जननी' म्हणतात ते यामुळे.

जातवार वसतिगृहं ऐकून आज आपल्याला खटकतं, आणि खटकायलाच पाहिजे. पण शतकभरापूर्वी प्रश्न असा होता की पोराला आज रात्री जेवायला मिळणार की नाही. महाराजांनी त्याचं उत्तर आधी दिलं. एका पंगतीत बसायचा प्रश्न पुढच्याने सोडवला. आणि तो पुढचा माणूस याच कोल्हापूरच्या एका बोर्डिंगमधून हाकलला गेलेला विद्यार्थी होता.

धनिणीची बाग

त्या विद्यार्थ्याचं नाव भाऊराव पाटील. जन्म २२ सप्टेंबर १८८७, कुंभोज. शिकायला कोल्हापुरात आले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहिले. मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला गेले म्हणून परत आल्यावर त्यांना आंघोळ करून शुद्ध व्हायला सांगितलं. त्यांनी नकार दिला. बोर्डिंग सुटलं. शिक्षणात भाऊराव फार पुढे गेले नाहीत. पुढे त्यांनी नांगर विकायचं काम केलं, किर्लोस्करांचे आणि नंतर कूपरांचे. या फिरतीत त्यांनी खेडी पाहिली आणि खेड्यातली पोरंही.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याला, कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग आलं. आता हा क्रम लक्षात घ्या. भाऊरावांनी आधी कॉलेज काढलं नाही, मोठं हायस्कूलही काढलं नाही. आधी बोर्डिंग काढलं. पोरं साताऱ्यातल्या दुसऱ्यांच्या शाळांत शिकायला जायची आणि राहायची, जेवायची इथे. जागा होती धनिणीची बाग. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र स्वयंपाक करायची आणि एका पंगतीत जेवायची. १९२७ च्या फेब्रुवारीत गांधीजी आले आणि बोर्डिंगला राजर्षी शाहूंचं नाव दिलं. ज्या माणसाला एका आंघोळीवरून बोर्डिंगमधून काढलं, त्याने स्वतःच्या बोर्डिंगमध्ये पहिला नियम पंगतीचा ठेवला. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

हे जेवण यायचं कुठून? वर्गणी, धान्य, लोकांनी दिलेलं जळण. आणि ते संपलं की लक्ष्मीबाई. भाऊरावांच्या पत्नी. घरातले दागिने एकेक करून गेले आणि एकदा पोरांच्या धान्यासाठी मंगळसूत्रही गेलं. १९३० साली लक्ष्मीबाई वारल्या. आपण 'कर्मवीर' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर दाढीवाला, घोंगडीवाला माणूस येतो. मला हल्ली आधी चूल दिसते. साठ-सत्तर पोरांच्या भाकरी ज्याने थापल्यात, त्यालाच कळेल की मेसचं गणित कुठल्याही अभ्यासक्रमापेक्षा सोपं नसतं.

त्या पंगतीतून काय बाहेर पडलं, याचं एकच उदाहरण देतो. बॅरिस्टर पी. जी. पाटील. याच बोर्डिंगमधला मुलगा पुढे बॅरिस्टर झाला, प्राचार्य झाला आणि शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरूही झाला.

कमवा आणि शिका

दुसऱ्याच्या दानावर किती दिवस चालणार? भाऊरावांचं ब्रीद होतं स्वावलंबी शिक्षण. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झालं. मुलांनी शेतात, बांधकामावर राबायचं आणि त्याच कष्टावर शिकायचं. मग १९४७ च्या जूनमध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. निवासी, आणि तेही कमवा-शिकावर. सकाळी हातात कुदळ, नंतर हातात पुस्तक. कॉलेज म्हणजे साहेब होण्याची जागा, या समजुतीलाच तो धक्का होता.

याची फक्त रोमँटिक बाजू सांगितली तर खोटं होईल. दिवसभर माती उपसून रात्री शेक्सपिअर वाचणं सोपं नसतं. श्रीमंताच्या पोराला हा पर्याय निवडायची वेळच येत नाही. पण ज्याच्यासमोर दुसरा रस्ताच नव्हता, त्याला इथे हात न पसरता शिकता आलं. माधुकरी आणि कमवा-शिका यांत मला हाच फरक दिसतो.

मध्ये एक वाईट काळही आला. गांधीजींच्या खुनानंतर भाऊरावांचं मुंबई सरकारशी बिनसलं आणि संस्थेचं अनुदान थांबलं. अनुदान थांबलं ही पेपरात एका ओळीची बातमी असते. बोर्डिंगमध्ये तिचा अर्थ उद्याचं पीठ. गाडगे महाराजांनी मध्यस्थी केली आणि अनुदान पुन्हा चालू झालं. १९५४ साली कऱ्हाडला कॉलेज निघालं, त्याला नाव दिलं सद्गुरू गाडगे महाराजांचं. स्वतः कधी कॉलेजात न गेलेला, आयुष्यभर धर्मशाळा बांधणारा माणूस. मुक्कामाची सोय म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार!

घड्याळ हीसुद्धा सोय असते

आता जरा मुंबईकडे. डॉ. आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज. तिथे वर्ग सकाळी भरायचे, म्हणजे नोकरी करणाऱ्याला तास करून कामावर जाता यायचं. यात ना इमारत लागली ना कॉट. फक्त वेळापत्रक बदललं आणि हजेरीपटावर नवीन माणसं आली.

मग १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता आणि उच्च शिक्षणाच्या नावाने दुष्काळ होता. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची पायाभरणी झाली. परिसराचं नाव नागसेनवन. प्रश्न विचारणारा राजा मिलिंद आणि उत्तरं देणारा भिक्खू नागसेन, अशी जोडी. बाबासाहेबांनी इमारतीत, वसतिगृहात, अगदी झाडं लावण्यातही लक्ष घातलं. त्या आवारात राहिलेल्या आणि शिकवणाऱ्या माणसांनी पुढे दलित साहित्याची चळवळ उभी केली. 'अस्मितादर्श' चालवणारे गंगाधर पानतावणे तिथेच शिकवायचे. रात्री खोलीत चार मुलं एकमेकांना कविता वाचून दाखवतात, ते कुठल्याच सिलॅबसमध्ये नसतं. पण त्यासाठी खोली लागते.

आणि मुलींचं काय?

मावशीच्या वाक्याचं खरं उत्तर मला इथे सापडलं. धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्याला एका झोपडीत गेला. अण्णा शहरात नोकरी करायचे आणि पायी हिंगण्याला ये-जा करायचे. आधी राहायची जागा. मग तिथेच शाळा. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ, सुरुवातीला हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या विद्यार्थिनींचं. आज ज्याला आपण एसएनडीटी म्हणतो, त्याची मुळं एका झोपडीतल्या निवाऱ्यात आहेत.

म्हणजे मावशी मागासलेली नव्हती. ती कर्व्यांचाच क्रम सांगत होती. आधी सुरक्षित छप्पर, मग पदवी. चुकीचा मीच होतो.

मग आता?

आमच्या नगरमध्येही १९४७ सालीच अहमदनगर कॉलेज सुरू झालं, डॉ. भा. पां. हिवाळे यांच्या पुढाकाराने. आज जिल्ह्यात तालुक्या-तालुक्यात कॉलेजं आहेत. पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने कमवा आणि शिका योजना चालते. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, ज्यात राहण्या-जेवणाचे पैसे खात्यावर येतात. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहं काढायचा निर्णय २०२१ मध्ये झाला. माझ्या मित्राने कॉलेज सोडलं त्याच्या कितीतरी वर्षांनी.

आपण कॉलेज निवडताना रँकिंग बघतो, प्लेसमेंट बघतो. वसतिगृह माहितीपत्रकात 'इतर सुविधा' या रकान्यात असतं, पार्किंग आणि कँटीनच्या मध्ये. शाहू, कर्वे, भाऊराव, आंबेडकर या चौघांचे मार्ग वेगळे होते. पण निवारा, ताट, वेळ यांना 'इतर' कुणीच म्हटलं नाही. त्यांनी पाया म्हणून तेच धरलं.

मागच्या आठवड्यात त्या मित्राला फोन केला. जामखेडला दुकान आहे त्याचं, बरं चाललंय. मी म्हणालो, "आम्ही तेव्हा म्हणायचो तुझं मन नव्हतं." तो हसला. म्हणाला, "मन होतं रे. गाडी नव्हती."

आणि बहीण? वसतिगृहाची पहिली यादी लागली. तिचं नाव नाही. वेटिंगला सातवी आहे. दुसरी यादी सोमवारी. मावशीने तरीही जुनी ट्रंक माळ्यावरून काढलीय, पुसलीय, आणि मला फक्त एवढंच विचारलं, "कुलूप तिकडं भेटतं का इथूनच न्यायचं?"

तुमच्या घरात पहिल्यांदा कॉलेजात कोण गेलं, आणि ते कुठे राहिले, कुठे जेवले? आजोबांना, आत्याला, कुणालाही विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. निवडक आठवणी पुढच्या भागात ऐकवू. आणि हो, त्यानंतर लढाई. नक्की.