आयर्लंडच्या तबकड्या आणि दोन माता

स्मरणिकेसाठी आयर्लंडच्या लोकगीतांवर लेख, हे पाहून काही भगिनींना नवल वाटेल. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे आणि गाण्याच्या शास्त्रात मला गती नाही. परंतु ह्या गाण्यांच्या गाजलेल्या तबकड्या कशा निघाल्या ते वाचू लागले, आणि दर वळणावर एखादी घर सांभाळणारी आई भेटत गेली. म्हणून ही हकीकत आपल्यापुढे ठेवते.

उत्तर आयर्लंडात आर्मा परगण्यात कीडी नावाचे लहानसे गाव आहे. तेथे १९०० साली सारा मेकम यांचा जन्म झाला. शाळा सोडून त्या कापडाच्या गिरणीत विणकाम करू लागल्या. त्यांची आई घरकाम करताना गात असे. साराबाईंनी ती गाणी एकदोनदा ऐकली की त्यांना पाठ होत. पुढे संसार वाढला, तशी गाणीही वाढली. त्यांना ५०० हून अधिक गाणी येत असत म्हणतात.

लोकगीते गोळा करणारी मंडळी मग कीडीची वाट शोधू लागली. १९५० नंतरच्या काळात बीबीसीने त्यांचा आवाज मुद्रित केला आणि लोकगीतांच्या एका कार्यक्रमाची सुरुवात त्यांच्याच गाण्याने होऊ लागली. १९५५ साली डायान हॅमिल्टन ही अमेरिकन बाई त्यांच्या घरी आली. तिच्यासोबत लियम क्लॅन्सी नावाचा तरुण होता. साराबाईंचा मुलगा टॉमी याच्याशी त्याची मैत्री जमली, आणि लवकरच दोघेही अमेरिकेस गेले.

तेथे गिरणीत काम करताना टॉमीच्या हाताला मोठी दुखापत झाली. काम सुटले, तेव्हा तो न्यूयॉर्कला गेला. लियमचे थोरले भाऊ पॅडी व टॉम तेथे नाटकांतून कामे करीत. ह्या चौघांनी १९५६ साली आयर्लंडच्या बंडाची गाणी तबकडीवर घेतली. जागा कोणती? एका स्नेह्याचे स्वयंपाकघर! साथीला पॅडीचा बाजा, तोही तोंडाने वाजविण्याचा. एवढ्याशा सामग्रीवर निघालेल्या ह्या तबकडीपासून पुढे केवढे नाव झाले!

आता दुसरी आई. अमेरिकेत कडाक्याची थंडी पडल्याचे वाचून क्लॅन्सी बंधूंच्या मातेने, जोआना क्लॅन्सी यांनी, मुलांसाठी पांढरे लोकरी स्वेटर पाठविले. त्यांच्या व्यवस्थापकाला ते फार आवडले आणि तोच त्यांचा रंगमंचावरचा पोशाख ठरला. मार्च १९६१ मध्ये एड सलिव्हन यांच्या दूरदर्शन कार्यक्रमात त्यांना थोडाच वेळ मिळायचा होता. ऐनवेळी दुसरा कलावंत आला नाही आणि ते सुमारे १६ मिनिटे गायले. त्यानंतर कोलंबियासारख्या मोठ्या कंपनीने त्यांच्या तबकड्या काढल्या. ते स्वेटर तर घरोघर माहीत झाले.

मुलांची कीर्ती झाली, तिच्यामागे आईची शिदोरी होती. साराबाईंच्या एकटीच्या नावाची तबकडी लंडनच्या टॉपिक कंपनीने १९६८ साली काढली. तेव्हा त्यांनी साठी ओलांडून बरीच वर्षे झाली होती. १९८३ साली त्या वारल्या.

साराबाईंचा आवाज तबकडीवर राहिला, कारण कोणीतरी वेळीच त्यांच्या दारी गेले. त्यांच्या आईचा आवाज मात्र कोणी टिपून ठेवला नाही. तो लेकीच्या गळ्यातूनच काय तो पुढे आला. भगिनींनो, घरातल्या वडीलधाऱ्या बाईने काम करता करता गुणगुणायला सुरुवात केली, तर हातातले काम जरा बाजूला ठेवून ऐकावे, एवढेच मला सुचवावेसे वाटते.