अँबॅसडर आणि फियाट : एक तौलनिक विचार

स्वातंत्र्योत्तर भारतातील रस्त्यांवर तीन दशके दोन मोटारींचे राज्य होते. उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सने बांधलेली अँबॅसडर ही त्यांपैकी पहिली. दुसरी म्हणजे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून निघालेली फियाट ११००. या दोहोंची तुलना बहुधा आवडीनिवडीच्या पातळीवरच होते. प्रत्यक्ष मोजमापांकडे पाहिले असता चित्र काहीसे निराळे दिसते.

अँबॅसडरचा मूळ नमुना इंग्लंडमधील मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी आवृत्ती हा होय. आरंभीचे बाजूच्या झडपांचे इंजिन लवकरच मागे पडले व १४८९ घनसेंटिमीटरचे, माथ्यावर झडपा असलेले इंजिन आले. त्याच्या सिलिंडरचा व्यास सुमारे ७३ मिलिमीटर, तर दट्ट्याची धाव सुमारे ८९ मिलिमीटर होती. १९६४ पासून कुर्ल्यात निघालेल्या फियाट ११०० डिलाइटचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे. व्यास ६८ व धाव ७५ मिलिमीटर. म्हणजे अँबॅसडरची धाव व्यासाच्या मानाने अधिक लांब. असे इंजिन मंद गतीतही भार ओढते, मात्र फार वेगाने फिरविलेले त्यास मानवत नाही. फियाटचे इंजिन तुलनेने चपळ. पण चढणीवर भरल्या गाडीनिशी गियर वारंवार उतरवावा लागे.

मोठे इंजिन म्हणजे अधिक वेग, हा समज मात्र येथे टिकत नाही. अँबॅसडरचे वजन अकराशे किलोंच्या वर, फियाटचे सुमारे नऊशे. दर किलोमागे दोन्ही गाड्यांच्या वाट्यास सव्वा घनसेंटिमीटरच्या आसपासच क्षमता येते. खरा भेद पडतो तो आकारमानात. पुढच्या व मागच्या चाकांच्या आसांतील अंतर फियाटमध्ये २३४० मिलिमीटर, तर अँबॅसडरमध्ये सुमारे १२ सेंटिमीटर अधिक. मागील बाकावर तिघे ऐसपैस बसतात ते यामुळे (चौथाही बसे, हे कोणी नाकारणार नाही). दोहोंस मागे पाट्यांच्या स्प्रिंगा होत्या. पुढे मात्र अँबॅसडरला टॉर्शन बार व फियाटला वेटोळ्या स्प्रिंगा. खराब रस्त्यावर अँबॅसडरची, तर गिरगावासारख्या दाट वस्तीत वळताना फियाटची सरशी व्हावी, हे या रचनेतच होते. सरकारी कचेऱ्या व कलकत्त्याची टॅक्सी एकीकडे, मुंबईची काळीपिवळी दुसरीकडे, अशी वाटणी झाली. तीस कारखान्याच्या सान्निध्याचाही हातभार लागला असावा.

तथापि, गुणांची ही चर्चा एका मर्यादेपलीकडे नेणे अनैतिहासिक ठरेल. ग्राहकास निवड करण्याची मोकळीक होतीच कुठे? परवाना पद्धतीने उत्पादन बांधलेले, प्रतीक्षायादी वर्षानुवर्षांची. ज्या गाडीचा क्रमांक आधी लागे ती घरी येई. विक्रीची चिंता नसल्याने सुधारणेची निकडही नव्हती. ऑक्सफर्डची ती आवृत्ती इंग्लंडमध्ये १९५९ मध्ये बंद झाली. उत्तरपाड्यात तोच सांगाडा २०१४ पर्यंत चालू राहिला. अँबॅसडरला नवे १८०० घनसेंटिमीटरचे इसुझु इंजिन मिळाले तेही १९९२ मध्ये, म्हणजे डिसेंबर १९८३ मध्ये अवतरलेल्या ७९६ घनसेंटिमीटरच्या मारुतीने दोघींचीही सद्दी संपविल्यानंतर. दोन्ही मोटारींचे दीर्घायुष्य हा त्यांच्या गुणवत्तेचा पुरावा म्हणून पुढे केला जातो, तो म्हणूनच ग्राह्य धरता येत नाही. दुरुस्तीची सुलभता मात्र निःसंशय त्यांच्या पदरात टाकावी लागेल.

नावाचा इतिहासही नोंद घेण्याजोगा आहे. फियाटचे १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ असे नामकरण झाले; चितोडच्या राणीचे हे नाव गाडीवर झळकले, तरी मुंबईकरांच्या तोंडी ‘फियाट’च राहिली. वयोमर्यादेच्या नियमानुसार अखेरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, तेव्हाही तिला फियाट म्हणणारे अनेक होते.