नोंद आणि तिचे रूप : वेब-साच्यांच्या विकासाचा ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक :
विद्यार्थ्याने संकेतस्थळावर आसनक्रमांक भरला की क्षणार्धात त्याचा निकाल पडद्यावर येतो. हे पान आधी कोणी लिहून ठेवलेले नसते. डेटाबेसमधील नोंद तयार साच्यात बसवून ते मागणीच्या वेळी घडविले जाते. प्रस्तुत लेखात या पद्धतीच्या विकासाचा आढावा घेतला असून, नोंद आणि तिचे दृश्य रूप यांची फारकत हाच या विकासाचा गाभा आहे, असे प्रतिपादन केले आहे.

वैचारिक पार्श्वभूमी :
या विचाराचे मूळ वेबपूर्व काळात आहे. १९७० मध्ये आयबीएममधील एडगर कॉड यांनी संबंधाधिष्ठित डेटाबेसची संकल्पना मांडली. माहिती यंत्रात कशी साठविली आहे, याचे ज्ञान तिचा वापर करणाऱ्यास आवश्यक असू नये, हे तिचे प्रमुख सूत्र होते. १९७९ मध्ये ट्रिग्वे रीन्स्काउग यांनी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात प्रतिमान, दृश्य आणि नियंत्रक अशी त्रिविध विभागणी सुचविली. कॉड यांनी माहितीला साठवणुकीपासून मुक्त केले, तर रीन्स्काउग यांनी तिला प्रदर्शनापासून वेगळे केले.

सरमिसळीचा काळ :
वेबच्या आरंभकाळात मात्र हा धडा विस्मृतीत गेला. १९९३ मध्ये आलेल्या सीजीआय पद्धतीत पर्ल किंवा सी भाषेतील आज्ञावली संपूर्ण पान ओळीओळीने छापत असे. त्यामुळे शीर्षकाचा रंग बदलण्यासाठीही आज्ञावलीकाराकडे जावे लागे. १९९५ मध्ये रास्मुस लेरडॉर्फ यांची पीएचपी साधने आणि अलेअर बंधूंचे कोल्डफ्यूजन प्रसिद्ध झाले. त्यांच्या पुढील विकासातून हा क्रम उलटा झाला : आज्ञावलीत पान लिहिण्याऐवजी पानातच आज्ञा लिहिण्याची रीत रूढ झाली. तक्त्याची एक ओळ लिहावयाची आणि ती प्रत्येक नोंदीसाठी आपोआप पुनरावृत्त व्हावयाची, ही सोय क्रांतिकारक ठरली. १९९६ चे एएसपी आणि १९९९ चे जेएसपी याच परंपरेतील होत. तथापि डेटाबेसची पृच्छा, व्यवहाराचे नियम आणि मांडणी एकाच धारिकेत एकवटल्याने मोठ्या प्रकल्पांची देखभाल दुष्कर झाली.

विभाजनाचा आग्रह :
२००४ मध्ये टेरेन्स पार यांनी साच्यात गणनेला स्थानच असू नये, अशी कठोर भूमिका मांडली. अमेरिकेतील लॉरेन्स येथील वृत्तपत्राच्या कार्यालयात २००३ पासून आकारास आलेली आणि २००५ मध्ये खुली झालेली जँगो ही चौकटही याच विचाराची. तिच्या साचाभाषेची क्षमता हेतुतः मर्यादित ठेवण्यात आली. या मर्यादेचे मर्म निकालपत्रकाच्याच उदाहरणाने स्पष्ट होते. अनुत्तीर्णाची नोंद लाल रंगात दाखविणे हे साच्याचे काम आहे. अनुत्तीर्ण कोणास म्हणावे, हे ठरविण्याचा अधिकार त्याला नाही. हा निकष अनेक पानांत विखुरला, तर नियम बदलताच एकाच विद्यार्थ्याचे दोन निकाल दिसू शकतात.

विश्वासार्हतेचा प्रश्न :
नोंद जशीच्या तशी पानात उतरविण्यात आणखी एक धोका होता. नावाच्या रकान्यात कोणी आज्ञा लिहून ठेवली, तर वाचकाचा ब्राउझर ती मजकूर न मानता अमलात आणत असे. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेतील सर्ट या संस्थेने याविषयी जाहीर इशारा दिला. विशेष चिन्हांचे निरुपद्रवी संकेतांत रूपांतर करणे, हा त्यावरील प्रमुख उपाय. आरंभी ही जबाबदारी आज्ञावलीकाराच्या सावधगिरीवर सोपविलेली होती. जँगोने २००८ च्या पहिल्या पूर्ण आवृत्तीत आणि रेल्सने २०१० च्या तिसऱ्या आवृत्तीत ती साच्यावरच सोपविली. एका विसराळू क्षणाने संपूर्ण संकेतस्थळ धोक्यात येऊ नये, हा त्यामागील विवेक होय.

मराठी संदर्भ :
मराठी संकेतस्थळांना ही फारकत वेगळ्या मार्गाने अनुभवावी लागली. अनेक ठिकाणी मजकूर विशिष्ट फाँटच्या संकेतांत साठविलेला असे. फाँट नसल्यास नोंद निरर्थक अक्षरांत दिसे. तिचा शोध व अनुक्रमही बिघडे. १९९१ च्या पहिल्या युनिकोड आवृत्तीतच देवनागरीचा समावेश होता. मात्र तिचा वापर सार्वत्रिक होण्यास दीर्घ काळ लागला. अक्षराची ओळख आणि त्याचे वळण वेगळे झाल्यावरच मराठी नोंद खऱ्या अर्थाने टिकाऊ झाली.

निष्कर्ष :
साचा हे केवळ सजावटीचे साधन नाही. नोंदीचा अर्थ कोणी ठरवावा आणि तिचे रूप कोणी, याची ती सीमारेषा आहे. २०१० नंतर पान घडविण्याचे बरेचसे काम ब्राउझरकडे गेले. तंत्र बदलले, सीमारेषेचा प्रश्न कायम राहिला. म्हणूनच संगणकशास्त्राच्या अध्यापनात साचाभाषेच्या खुणांबरोबरच त्यांच्यामागील हा इतिहासही शिकविला जाणे अगत्याचे आहे.