प्याद्याची मात

मुकुटबनच्या दक्षिणेस पैनगंगा ओलांडली की तेलुगू मुलूख लागतो. आणि या सीमाभागात दोन्ही भाषा एकाच बाजारात नांदत असल्यामुळे, तिरुपतीकडचा एक विद्वान पुण्याच्या दरबारी आश्रयास आला, ही गोष्ट इकडच्या माणसाला मुळीच परकी वाटत नाही. त्रिवेंगडाचार्य शास्त्री हे त्यांचे नाव. पेशवाईच्या अखेरच्या काळात बुद्धिबळातील त्यांच्या प्रावीण्याचा मोठा लौकिक होता. ‘विलासमणिमंजरी’ हा त्यांचा संस्कृत ग्रंथ युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून इंग्रजीत उतरला आणि 1814 साली मुंबईत छापला गेला. त्यानंतर तीनच वर्षांनी विल्यम लुईस याने त्यातील कूटांचा लंडनमध्ये स्वतंत्र संग्रह काढला.

हा ग्रंथ म्हणजे मुख्यतः पटावर हेतुपुरस्सर मांडलेल्या डावांचा, म्हणजेच कूटांचा, संग्रह होय. देशी खेळात सर्व माता एकाच तोलाच्या मानल्या जात नसत: प्रतिपक्षाचा राजा एकटा उरला म्हणजे होणारी बुर्जी हलकी, आणि यःकश्चित प्याद्याने वजिराच्या धन्याला घातलेली मात सर्वांत मानाची. म्हणूनच अमुक इतक्या खेळींत मात, एवढ्यावर कूटकाराचे समाधान होत नसे. ती नेमून दिलेल्या प्याद्यानेच झाली पाहिजे, अशा शर्ती तो घाली.

या शर्तीचा भार पट मांडून बसल्यावाचून कळत नाही. प्याद्याचा अंमल पुढच्या दोन तिरप्या घरांवरच चालतो. तेव्हा राजाच्या पळवाटांचा बंदोबस्त हत्ती, घोडा, उंट यांच्याकडून आधीच करवून घ्यावा लागतो, त्याच्याच मोहऱ्यांनी त्याची घरे अडवली जातील अशी तजवीज करावी लागते, आणि ते प्यादे शेवटच्या क्षणापर्यंत जिवंत व जागेवर राखावे लागते. त्यातही सोडवणाऱ्याच्या स्वतःच्या राजावर बहुधा मातेचे संकट टांगलेले असल्यामुळे त्याला खेळीगणिक शहच द्यावा लागतो.

काठिण्याची परीक्षा करताना याच ठिकाणी विवेक हवा. खेळींच्या संख्येवरून कूट अवघड ठरवण्याची रीत मला मान्य नाही. कारण सतत शह द्यायचाच असेल तर विचारात घ्यावयाच्या खेळी थोड्याच उरतात आणि लांबलचक उत्तरही धीराच्या माणसाला पायरीपायरीने सापडते. याउलट 1845 साली लंडनच्या बुद्धिबळविषयक मासिकात ‘शागीर्द’ या टोपणनावाने, हिंदुस्थानात राहणाऱ्या लव्हडे नावाच्या पाद्र्याने धाडलेले कूट पाहावे. मात अवघ्या चार खेळींत. परंतु त्यासाठी उंटाला आधी एक मोक्याचे घर ओलांडून दूर न्यावे लागते, मग त्याच घरावर हत्ती ठेवून उंटाची वाट आपणच अडवावी लागते, म्हणजे कोंडलेल्या राजाला हालचालीस जागा मिळते आणि डाव बरोबरीत सुटत नाही. शेवटी हत्ती दूर सारताच उंटाचा शह उघडा पडून मात होते. आपल्याच मोहऱ्याची नाकेबंदी करण्याचे मनात येणे हेच दुर्घट.

पुढे त्या मांडणीत दुसरीही उत्तरे निघाली, हा कूटकाराच्या दृष्टीने मोठाच दोष. तथापि त्यातील कल्पना इतकी नवी होती की कूटकारांच्या परिभाषेत ती अद्याप हिंदुस्थानच्याच नावाने ओळखली जाते. शास्त्रीबुवांच्या कूटांचे काठिण्य निराळ्या जातीचे आहे: ते शर्तीत आहे, आणि शर्त काढून घेतली तर त्यांतील कितीतरी डाव वजिराने दोन-तीन खेळींतच आटोपतील.